जुन्या गावाचा इस्तव

लीलाबाई, तुमी मास्तरांच्या घरच्या, वाडीत नव्यानं आलाय, म्हणून तुमाला कुणी बी काय बी सांगतंय. काल रत्नाबाई सांगून गेली असंल, फुलाबाईची, म्हंजे माजी, सासू निस्ती माया, कृष्णाबाईवानी म्हातारी पुन्हा व्हायची न्हाई. व्हय ना? मला ठावं हाय. ती मेल्यापासनं तर सगळी वाडी जास्तीच म्हणाय लागलीया. मग माज्याकडनं बी ऐका की. तिच्या चुलीम्होरं जलम मी काढला, रत्नाबाईनं न्हाई.

मायाळू हुती. मी कुटं न्हाई म्हणतीया? पण कवा झाली मायाळू, त्ये इचारा. केस पांढरं झाल्यावर, दात पडल्यावर. तवर माजी हाडं शेकून निघाली हुती. मी आले तवा ह्याच बाईच्या धाकानं कुत्रं बी दारातनं वाकडं जायचं न्हाई.

आता हितनं खाली बघा. ते धरणाचं पाणी दिसतंय न्हवं? त्येच्या पोटात आमचं जुनं गाव हाय. मी त्ये डोळ्यानं बघितलं न्हाई, मी मागनं आले. पण घरंन् घर पाठ हाय मला, इतक्यांदा ऐकलंय. पाणी चढाय लागलं तवा लोकांनी हाताला घावंल त्ये वर आणलं. कुणी दाराची चौकट काढली, कुणी देव उचलला, कुणी जात्याची तळी डोक्यावर घेतली. माज्या सासूनं काय आणलं? चुलीतला इस्तव. मडक्यात बुडाला राख, वर ऐनाच्या लाकडाचं लालबुंद इंगळ, त्येच्यावर पुन्हा राख, आन् त्ये मडकं चुंबळीवर. आमचं मालक तवा एवढंसं पोर, तिच्या पदराला धरून रडत चाललेलं. ती म्हणायची, मी एकदा बी मागं वळून बघितलं न्हाई, बघितलं असतं तर मडकं कलंडलं असतं.

हितं वर आल्यावर तीन धोंडं मांडलं, इंगळ ठेवलं, फुंकर मारली. त्या दिशी पाऊस भुरभुरत हुता, कुणाकडं कोरडी काटकी न्हाई. सगळ्या बाया खापऱ्या घेऊन आमच्या चुलीवर आल्या. वाडीतली एकूणएक चूल त्या इस्तवानं पेटली. तवापासनं तिनं नेम धरला, जुन्या गावाचा इस्तव इझू द्यायचा न्हाई. गाव पाण्यात गेलं तरी गावाचा जाळ हितं हाय, असं म्हणायची. आन् मामंजी वारलं, त्यांना बी तोच इस्तव दिला, तवापासनं आणिक एक सांगाय लागली, "ह्याच इस्तवानं मला बी जाळा. मग मी गावातच गेले असं हुईल."

ऐकाय ग्वाड लागतंय न्हवं? मास्तरांना सांगितलं तर डोळं पुसतील. पण इस्तव राखायचा म्हंजे काय, त्ये राखणारीला इचारा.

धरण भरलं त्येला धा-बारा वरसं झाली हुती तवा मी ह्या घरात आले. उंबरा वलांडला, देवाला हळद-कुंकू वाहिलं, आन् म्हातारीनं माज्या हातात फुंकणी दिली. म्हातारी म्हणती मी, पण तवा चाळिशीतली दणकट बाई हुती ती. म्हणली, "फुले, आजपासनं चूल तुजी. मी ह्या फुंकणीला आता हात लावायची न्हाई. एक ध्यानात ठेव. इस्तव इझला, तर तुला ह्या घरात जागा न्हाई." मी शेंबडी पोर. मला वाटलं, सासूनं कायतरी मानाचं दिलं. मी पदर पसरून घेतली, येड्यावानी.

मग कळलं. हितला पाऊस तुमी आजून बघितला न्हाई, बाई. एकदा लागला की भिंतीला पाझर, चुलीच्या मागल्या बाजूला वल, लाकडं फुगून जड. त्यात इंगळ जित्तं ठेवायचं. ऐनाचा ओंडका सांजच्याला आत सारायचा, वर राख पसरायची, राख जास्ती झाली की गुदमारतंय, कमी झाली की जळून जातंय. पहाटं पयलं काम, राख सारून लाल दिसतंय का बघायचं. लाल दिसस्तवर माजा जीव माज्यात नसायचा. आजून बी कवातरी तशीच दचकून उठते.

आन् सगळ्यात मोठं म्हंजे, घर सोडून रातीची वस्ती करायची न्हाई. माजं माहेर कुटं? ह्ये ताम्हिणीला. सकाळी निघालं की दुपारच्या आत पोचतंय माणूस. पण लगीन झाल्यापासनं मी माज्या आईच्या घरात एक रात झोपले न्हाई. सणाला सकाळी जायचं, दोन घास गिळायचं आन् पडत-धडपडत दिवा लागायच्या आत माघारी. पयलं बाळंतपण माहेरात करत्यात न्हवं? माजा भैरू हितं झाला, चुलीच्या धगीला. आई न्याया आली हुती. म्हातारीनं तिला भाकरी वाढली, चोळी-बांगडी केली आन् वाटंला लावली. आईनं दारातनं माज्याकडं बघितलं. मी फुंकणी घिऊन बसल्याली.

आता तुमी म्हणाल, सासूनं दोन दिस चूल बघितली असती तर काय झालं असतं? त्येच तर! मी बाहेरची झाले की चार दिस तीच बघायची की! मग माहेरासाठी का न्हाई? एकदा इचारलं मी, धीर करून. म्हणली, "त्यो इटाळाचा नेम हाय, फुले. ह्यो तुज्या मनाचा लाड." झालं. मी पुन्हा चुलीम्होरं बसले.

मग आईचा सांगावा आला. भैरू चालाय लागला हुता तवा. श्रावणातला पाऊस, आन् माजा भाऊ बारकू इरलं घिऊन दारात हुबा. म्हणला, "आईला ताप उतरंना. फुलीला धाडा. सारखं नाव घेतीया." मी उठले. म्हातारीनं माज्याकडं बघितलं बी न्हाई. ती निस्ती चुलीकडं बघून म्हणली, "ह्या पावसात इस्तव टाकून कुटं? पाऊस उघडू दे, मग जा." मालक खाली मान घालून दोरी वळत बसलं हुतं. बारकू थोडा येळ थांबला, आन् गेला.

पाऊस काय उघडला न्हाई. बारकू पुन्हा आला त्यो आई गेल्याचंच सांगाय. आन् लीलाबाई, मला रडाय बी आलं न्हाई. आलं न्हाई म्हंजे, येऊ दिलं न्हाई. त्या दिशी लाकडं वली हुती, धूर हुता, इंगळ धरत न्हवतं. मी फुंकत बसले. फुंकायचं का रडायचं? दोन्ही एका तोंडानं हुतंय व्हय? तिसऱ्याला गेले, सांजच्याला परत आले. आईची राख बघितली, तोंड न्हाई बघितलं.

मग वरसं गेली. माणूस कसं असतंय बघा. मी म्हातारीवर चिडले, पण नेम काय मोडला न्हाई. उलट मीच जास्ती कडक झाले. माजी आई ज्या इस्तवापायी मला दिसली न्हाई, त्यो इस्तव कुणी हालक्यावर घेतला की माज्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आन् बरुबर तवाच, मी कडक व्हायला आन् म्हातारी ढिली व्हायला गाठ पडली. कसं झालं, कवा झालं, मला सांगता याचं न्हाई. आधी ती आवसंच्या दिशी कुणाला इस्तव द्यायची न्हाई, आता देऊ लागली. शेळ्या वळणारा नथू चुलीतलं इंगळ उचलून बिडी पेटवायचा, आधी तिनं त्येला फुंकणीनं हाणला असता, आता म्हणायची, "पेटव रं बाबा, गारठा हाय." उनाला बसायची. पोरांना गूळ द्यायची. हासायची! मी तिला हासताना बघितलं न्हवतं, मला आधी वाटलं हिला बाहेरचं कायतरी लागलं.

एकदा मी म्हणलं, "आत्याबाई, तुमीच नेम मोडाय लागला तर आमी काय करावं?" तर मला म्हणती, "आगं फुला, नेम काय कुठं पळून जातुया का?" बघा! ज्या बाईनं माजी हाडं मोडली नेमापायी, ती मलाच शिकवाय लागली. मला असा राग आला की भाकरी थापता थापता परातीतच पिठाला बुक्की हाणली.

भैरूचं लगीन झालं. सून कमळ, कासारसाईची. सपाटीवरली पोर, तिकडं घरोघर काडीपेट्या. मी तिच्या हातात फुंकणी दिली, जशी मला दिली हुती तशीच, त्येच शब्द सांगून. इस्तव इझला तर जागा न्हाई. त्या दिसाची मी किती वरसं वाट बघितली हुती, बाई! आता माजी पाठ मोकळी. आन् ती पोर काय म्हणली? "आत्याबाई, इझला तर काडी वढू की." मी तिच्याकडं असं बघितलं की तिनं पुन्हा तोंड उघडलं न्हाई. पण कोपऱ्यात म्हातारी पदर तोंडाला लावून हासत हुती. दिसलं मला.

कमळ वाईट न्हाई. इस्तव राखला तिनं, कुरकूर करत का हुईना. आन् मी तिच्यावर नदर ठेवून. मला कुणी तरी म्हणावं, फुलाबाईच्या हाताखाली बी इस्तव इझला न्हाई.

मग पुण्यात पाणी शिरलं त्ये साल आलं. पानशेताचं धरण फुटलं म्हणून सगळीकडं आरडावरडा, आन् हितं पाऊस धो धो. श्रावणच. एक दिस दुपारच्याला कमळचा भाऊ गेणू दारात हुबा. भिजून चिंब, पायाला चिखूल. पौडापातूर कसाबसा यष्टीनं आला, तितनं म्होरं पायी. म्हणला, "आईला लई जास्त हाय. कमळला धाडा. नाव घेतीया."

त्योच पाऊस, त्योच दार, तसाच भाऊ. कमळ उठून हुबी राह्यली, चेहरा पांढराफटक. म्हणली, "आत्याबाई, तुमी फुंकणी घ्या चार दिस. मी जाऊन येते." आन् मी काय म्हणलं ठावं हाय? मी म्हणलं, "फुंकणी दिली म्हंजे दिली. पाऊस उघडू दे, मग जा."

खरं सांगू? मला नेमाचं काय पडलं न्हवतं त्या घडीला. माज्या मनात एकच हुतं. मला मिळालं न्हाई त्ये हिला का मिळावं? मी चांगली न्हाई झाले त्या दिशी, न्हाईच झाले. पण मला चांगलं व्हायला कुणी शिकवलं हुतं? शिकवणारी तर ती कोपऱ्यात बसल्याली.

ती उठली. भिंतीला धरून धरून चुलीपाशी आली. मला वाटलं, शेकाय आली. शेजारी पाण्याचा हंडा हुता, त्येच्यातला तांब्या भरला, आन् माज्या देखत, लीलाबाई, माज्या डोळ्यांदेखत चुलीत वतला! फस्सकन राख उडाली. घरभर धूर. तिनं दुसरा तांब्या वतला. मग तिसरा. ऐनाच्या ओंडक्यातनं पाणी गळाय लागलं. मग तांब्या ठेवला आन् कमळला म्हणली, "जा पोरी. आता राखायला काय बी न्हाई."

कमळ गेली. फाटकं इरलं घिऊन भावासंगं तशीच पावसात गेली, माज्याकडं बघितलं बी न्हाई.

आन् मी? मी वरडले. मालक आतनं धावत आलं, मी त्यांच्या म्होरं वरडले, जलमात पयल्यांदा. "माज्या आईच्या येळंला का न्हाई वतलं? तवा हात मोडलं हुतं का तुमचं? तवा हंड्यात पाणी न्हवतं?" मालक म्हणलं, "आगं गप." मी म्हणलं, "तुमी गप बसा, तुमी तवा बी गप बसला हुता!" त्ये पुन्हा खाली बसलं.

म्हातारी राखंकडं बघत हुती. म्हणली, "तवा मला वाटायचं, ह्यो इझला की गाव दुसऱ्यांदा बुडंल. खरंच वाटायचं गं. डोळं मिटलं की गाव दिसायचं. देऊळ, पार, आमचं घर. आता दिसत न्हाई. किती बी आठवलं तरी दिसत न्हाई. आता डोळं मिटलं की तुजी आई दिसती. दारात हुबी असती, आन् मी तिला भाकरी वाढतीया."

मी म्हणलं, "मग मला आधी सांगायचं!"

"आधी दिसत न्हवती," ती म्हणली. "म्हातारपणीच दिसाय लागली. त्येला मी काय करू?"

घ्या! माणसाला शाणपण येतं, पण कुणाच्या सोयीनं येतं? माज्या सोयीनं न्हाई आलं. माजी आई गेली, माजी जवानी गेली, माज्या डोळ्यात धूर जाऊन जाऊन मला आता सुईत दोरा ववता येत न्हाई, आन् मग बाईसाहेबांना समजलं, की इस्तवापरीस माणूस मोठं!

पण मी गप बसणारी न्हाई. मला आठवलं, वाडीतल्या सगळ्या चुली आमच्याच इस्तवानं पेटल्यात. म्हंजे जुन्या गावाचा इस्तव शेजारी जित्ता हाय! मी खापरी घेतली आन् पावसातच रत्नाबाईकडं गेले. म्हणलं, "आमचा इस्तव आमाला दे." रत्नाबाई माज्याकडं बघंना. चुलीतलं लाकूड उगं पुढं-मागं करत बसली. मी म्हणलं, "आगं काय झालं?" तर म्हणली, "फुलाताय, ह्यो त्यो न्हाई. आमचा पाडव्याच्या सुमाराला इझला हुता. तुज्या धाकानं बोलले न्हाई. काडी वढली."

नथूकडं गेले. नथू हासला, निलाजरा. म्हणला, "वहिनी, आमचा तर कवाच इझला. बिडी पेटवाय आमी तुमच्याकडं येत हुतो त्ये तेवढ्यापायीच, काडी वाचती." म्होरल्या घरात तेच, त्येच्या म्होरल्या घरात तेच. हरएक बाई खाली मान घालून काडीपेटी दाखवायची. सगळी वाडी, बाई! सगळी वाडी कवाची सुटली हुती आन् मला कुणी सांगितलं न्हाई. "फुलाबाईकडं जुन्या गावाचा इस्तव हाय" म्हणत पाव्हण्यांना मिरवून दाखवायच्या, आन् घरात काड्या वढायच्या. मी एकटी फुंकत बसले हुते. रिकामी खापरी घिऊन, भिजत, शिव्या देत घरी आले.

सांज झाली. मालक भुकेलं. म्हातारी भुकेली. मी म्हणलं, मी काय चूल पेटवायची न्हाई, मरा. पण भैरू रानातनं यायचा हुता. शेवटी रत्नाबाईनंच काडीपेटी आणून दारात ठेवली आन् पळाली. मी जलमात काडी वढली न्हवती. पयली मोडली. दुसरीचं टोक उडालं. मालक म्हणलं, "मी वढू का?" मी म्हणलं, "बसा हितं, आता कुणाची गरज न्हाई." एक पेटली ती बोटाला चटका देऊनच. पण चूल पेटली. म्हणजे काय, एका क्षणात पेटली! वाळल्या पातेऱ्याला काडी लावली की झालं. मी त्या जाळाकडं बघत बसले. इतकं सोपं हुतं?

भाकरी टाकली. म्हातारीला वाढली. तिनं दुधात कुस्करली, बोळक्या तोंडानं चावली, आन् म्हणली, "भाकरी तशीच लागती गं."

लीलाबाई, मला असं वाटलं तवा उठून बाहेर पावसात जाऊन धोंड्यावर डोकं आपटावं. तशीच लागती! इतकी वरसं राखलेल्या इस्तवावरली आन् कालच्या काडीवरली, तशीच लागती!

आन् कमळची आई? कमळ पोचली, आईनं तिच्या हातनं पेज घेतली, चार दिसांत उठून बसली, आन् महिन्यात रानात जाया लागली. आजून हाय! धडधाकट हाय! पंचमीला आली हुती, माज्याकडं बघून हासत हुती, "फुलाबाई, तुमच्या घराचे लई उपकार." मी म्हणलं, "माजे न्हाईत." तिला वाटलं, मी मोठेपणानं म्हणतीया.

मागनं म्हातारी मला एकदा म्हणली, "फुला, आता तू बी जा ताम्हिणीला. ऱ्हा चार दिस. मी हाय हितं." मी म्हणलं, "कुणाकडं जाऊ आत्याबाई? आई न्हाई. बारकूच्या घरात आता त्येची सून हाय. ती मला पाव्हणी म्हणून चा देईल आन् इचारंल, कवा निघणार?" म्हातारी सरकून जवळ आली. तिनं माजा हात धरला. मी सोडवून घेतला. खोटं कशाला बोलू?

त्येच्यानंतर एक पावसाळा काढला तिनं. दुसऱ्या पावसाळ्याच्या आधी आंथरूण धरलं. वाडीतल्या बाया यायच्या, पाय चेपायच्या, म्हणायच्या, किती मायाळू. मी तिचं सगळं केलं. न्हाऊ घातलं, भरवलं, आंथरूण बदललं. राग मनात आन् काम हातात, दोन्ही चाललं हुतं. माजं तसंच चालत आलंय. एकदा पाणी पाजताना मी म्हणून गेले, "आत्याबाई, तुमाला जाळायला जुन्या गावाचा इस्तव पायजे हुता न्हवं? आता कुटनं आणू?" टोचायला म्हणले. ती म्हणली, "वतताना आठवलं हुतं मला त्ये." एवढंच म्हणली आन् डोळं मिटलं.

ती गेली सकाळच्या पारी. माणसं जमली. बांबू आलं, मडकं आलं. हितली रीत अशी, घरातल्या चुलीतलं इंगळ मडक्यात घालून लेकानं म्होरं चालायचं. मालक मडकं घिऊन चुलीपाशी आलं. कमळ चिमटा घिऊन हुबी, चूल तिची. मी तिच्या हातनं चिमटा घेतला. एक एक इंगळ उचलून मडक्यात घातलं. काडीवर पेटवल्यालं. दुकानातल्या काडीवर. त्या बाईनं काय मागितलं हुतं जलमात? एवढंच मागितलं हुतं, माज्या गावाच्या इस्तवानं मला जाळा. आन् त्ये बी स्वताच्या हातानं वतून टाकलं. कुणासाठी? माज्यासाठी न्हाई. कासारसाईच्या परक्या पोरीसाठी, तिची आई तिला दिसावी म्हणून.

मालक निघालं. तिरडी उचलली. आन् मला रडू फुटलं. असं फुटलं की दोन बायांनी मला धरलं. रत्नाबाई म्हणली, "बघा, सासूवर किती जीव!" तिनं तुमाला बी त्येच सांगितलं असंल. म्या तिचं तोंड धरलं न्हाई, पण आज तुमाला सांगते. मी सासूसाठी रडत न्हवते. मी माज्या आईसाठी रडत हुते. त्या श्रावणात रडायचं राह्यलं हुतं, त्ये त्या दिशी रडले.

लई येळ रडले. घर रिकामं झालं, बाया आंघुळीला वढ्यावर गेल्या. कमळ माज्या शेजारी येऊन बसली. थोड्या येळानं ती हळूच म्हणली, "आत्याबाई, चूल इझाय लागलीया. दोन लाकडं सारू का?"

मी म्हणलं, "ऱ्हाऊ दे कमळ. इझू दे."